लांबच्या राइडला मान भरून येते : हेल्मेटचं वजन, वारा की बसण्याची ढब? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मोटरसायकलवरून लांब पल्ल्याच्या राइड करणाऱ्यांचा, आणि इथे कुणी फिजिओथेरपिस्ट असतील तर त्यांचाही सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण "हलकं हेल्मेट घ्या" हे उत्तर मला आधीच बऱ्याच जणांनी दिलंय आणि तेवढ्याने भागेल असं वाटत नाही.

त्रास असा : पहिले दीड-दोन तास काहीच जाणवत नाही. मग कवटीच्या तळाशी, केस संपतात तिथे, दोन्ही बाजूंना ठणकायला लागतं. तिथून दुखणं खांद्यांवर उतरतं, उजवीकडे जास्त. थांबून हेल्मेट काढलं की दहा मिनिटांत बरं वाटतं, पण पुन्हा निघाल्यावर अर्ध्या तासात ये रे माझ्या मागल्या. दिवस संपेपर्यंत मान इतकी आखडते की मागे बघायला अख्खं अंग वळवावं लागतं. दुखणं एक वेळ सोसेन, पण लेन बदलताना खांद्यावरून मागे बघायची टाळाटाळ व्हायला लागली आहे, आणि ते मला अजिबात चालणार नाही.

हाताला मुंग्या, बोटं बधीर होणं, पकड ढिली पडणं, चक्कर यातलं काही नाही. डॉक्टरांनी तपासून स्नायूंचा ताण आहे असं सांगितलंय. (तुमच्यापैकी कुणाला यातलं काही होत असेल तर हेल्मेट बदलण्याच्या नादात वेळ घालवू नका, आधी तपासून घ्या.)

आता हेल्मेट. फ्लिप-अप (हनुवटीचा भाग वर उघडणारं) आहे, आतल्या लेबलवर 1,650 ग्रॅम, 50 ग्रॅम कमी-जास्त, असं लिहिलंय. इंटरकॉम लावून काट्यावर ठेवलं तर 1,740 भरलं. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, म्हणजे मान रोजच्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त ओझं पेलतेय. हे थोडं नाही, मान्य. कार्बन फायबरचं फुल फेस (हनुवटीसकट पूर्ण बंद, न उघडणारं) 1,300-1,400 ग्रॅमपर्यंत मिळतं, म्हणजे साडेतीनशे-चारशे ग्रॅम वाचतील. एक गोष्ट मला उशिरा कळली, ती लहान डोक्याच्या लोकांसाठी सांगते : सगळे साइज वेगवेगळ्या कवचात बनत नाहीत. बरेच उत्पादक दोन-तीनच कवचं काढतात आणि लहान साइज आतलं अस्तर जाड करून भरून काढतात. माझ्या एस साइजचं कवच एम साइजचंच आहे. म्हणजे लहान डोक्यावर मोठा गोळा, आणि वारा लागायलाही जास्त जागा.

माझी खरी शंका वाऱ्यावर आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेलं की वेग सव्वापट, पण जोर दीडपटीहून जास्त. ढोबळ हिशोब केला तर ताशी 100 ला समोरून येणारा सरळ वारा हेल्मेटला सव्वा ते दीड किलोच्या आसपास जोराने मागे ढकलतो. म्हणजे जवळजवळ हेल्मेटच्या वजनाइतकंच आणखी एक ओझं, तेही आडवं. मग चारशे ग्रॅम कमी करून मी नक्की किती मिळवणार?

पण इथेच एक कोडं आहे. वारा डोकं मागे ढकलतो, तर त्याला विरोध मानेच्या पुढच्या स्नायूंनी करायला हवा, कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत जातात ते. माझं पुढे फारसं दुखत नाही, मागे दुखतं. मागचे स्नायू तेव्हा राबतात जेव्हा अंग पुढे झुकलेलं असतं आणि नजर वर ठेवायची असते. माझ्या गाडीचं हँडल सपाट आणि थोडं लांब आहे, त्यामुळे मी पुढे कलूनच बसते. शिवाय आतलं अस्तर दबल्यामुळे हेल्मेट कपाळावर खाली सरकतं आणि काचेच्या खिडकीची वरची कड थेट माझ्या नजरेच्या रेषेत येते. रस्ता लांबवर दिसावा म्हणून हनुवटी वर उचलावी लागते. सोबतच्या मैत्रिणीने चालत्या राइडमध्ये बाजूने फोटो काढला, त्यात हेल्मेटची मागची कड आणि जॅकेटची कॉलर यांच्यात बोटभरही फट नाही. मान मागे पूर्ण दुमडलेली. तो फोटो बघून मला वजनापेक्षा हेच मूळ असावं असं वाटायला लागलं.

प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा वापरणाऱ्यांनाही असंच होत असेल का? त्यात दूरचा नंबर काचेच्या वरच्या भागात असतो, म्हणजे पुढे झुकून बसल्यावर लांबचं बघायला हनुवटी आणखीच नीट जागेवर ठेवावी लागत असणार. मला साधा चष्मा आहे, पण तसा अनुभव असेल तर जरूर लिहा.

आतापर्यंत केलेलं : पाठीवरची सॅक काढून सामान मागच्या सीटला बांधलं. खांद्यांना लगेच फरक पडला, पट्टे बरोबर त्याच स्नायूंवर ओढत होते. कवटीखालचं दुखणं मात्र होतं तिथेच. इयरप्लग घालते, त्याने आवाजाचा शीण कमी होतो आणि का कोण जाणे, खांदेही कमी आकसतात. हनुवटी आत ओढून धरायचा व्यायाम आणि तळहाताने डोक्याला चारही बाजूंनी अटकाव करून जोर लावायचा व्यायाम रोज चालू आहे.

दोन सल्ले कृपया देऊ नका. एक, अर्धं किंवा उघड्या तोंडाचं हेल्मेट. वजन कमी होतं हे खरं, पण हनुवटी आणि जबडा उघडा टाकून मला मान वाचवायची नाही. दुसरा, जो घरातल्या मोठ्यांकडून नेहमी ऐकते : हेल्मेटमुळेच अपघातात मान मोडते, त्यापेक्षा नकोच. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने 900 हून जास्त मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. 1981 च्या त्या अहवालात हेल्मेट घातलेल्यांना डोक्याच्याच नाही, मानेच्याही दुखापती कमी झाल्याचं दिसलं. त्यामुळे हेल्मेट राहणारच. कोणतं आणि कसं, एवढाच प्रश्न आहे.

तर फ्लिप-अप सोडून हलक्या फुल फेसवर गेलेल्यांना मानेत खरोखर फरक जाणवला का, की मुख्य फरक आवाज आणि वाऱ्यात पडला? फक्त जाड गालाची आणि कपाळाची पॅड बदलून हेल्मेट पुन्हा वर बसवता येतं का? कपाळाला जाड अस्तर दिलं तर खिडकी वर जाईल असा माझा अंदाज आहे, पण मग डोक्यावर दाब येऊन डोकेदुखी सुरू झाली तर आगीतून फुफाट्यात.

भर : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी सुचवलं म्हणून मोकळ्या सरळ रस्त्यावर फूटरेस्टवर किंचित उभी राहून पाहिलं. डोकं गाडीच्या पुढच्या विंडस्क्रीनच्या वर मोकळ्या हवेत गेल्याबरोबर हेल्मेटची थरथर थांबली आणि आवाज एकसुरी झाला. म्हणजे त्या छोट्या स्क्रीनच्या कडेवरून फुटलेली घुसळलेली हवा थेट हेल्मेटवर आपटत होती. स्क्रीन काढून टाकली. छातीवर वारा जास्त येतो, पण डोकं स्थिर राहतं आणि खांद्याचं दुखणं बरंच निवळलंय.

कवटीच्या तळाचं दुखणं उशिरा सुरू होतं, पण होतंच. त्यामुळे आता संशय हँडलवर पक्का झालाय. हेल्मेटवर खर्च करण्याआधी हँडल वर आणि थोडं मागे आणणारे राइजर लावून बघायचे आहेत. ज्यांनी लावलेत त्यांनी सांगा : किती मिलिमीटरचे लावले, आणि क्लचची केबल व पुढच्या ब्रेकची नळी आहे तीच पुरली का? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर नळी ताणली जात नाही ना, हे तपासायचं असतं एवढं मला माहीत आहे. त्यापलीकडे स्टीअरिंगच्या अंदाजात काही फरक पडला असेल, विशेषतः वळणांवर पुढचं चाक हलकं वाटायला लागलं असेल, तर तेही लिहा.