म्युझियममध्ये फुकट संध्याकाळ ठेवलीय, लोकांना करायला काय द्यायचं?

फोंड्याची_शमा
नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याजवळ एका गावात छोटंसं खाजगी वस्तुसंग्रहालय आहे, जुन्या घरातच, दोन-तीन खोल्या आणि मधे राजांगण. १८ मे ला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो ना, त्या संध्याकाळी ५ ते ८ सगळ्यांना फुकट सोडायचं ठरलंय, आणि नुसतं बघून जायला नाही तर हाताने काहीतरी करायला पण ठेवायचं, आणि हे काम माझ्या गळ्यात पडलंय. आत काय आहे तर तांब्या-पितळेची भांडी, शेतीची अवजारं, पोर्तुगीज काळातली नाणी, एक जुनं घुमट, म्हणजे मडक्याला कातडं लावलेलं आपलं वाद्य. कमिटीतले एकजण म्हणतात ड्रॉइंग स्पर्धा ठेवूया, तीन बक्षिसं देऊया, संपलं. मला ती नको वाटते, पोरं अंगणात बसून डोंगर-सूर्य-नारळाचं झाड काढतात, आया बाहेर खुर्च्या टाकून बसतात, आत कोण पाऊल टाकत नाही. आजी-आजोबांनी पण यावं असं मनात आहे. बजेट म्हणजे चहापाण्यापुरतं. सुचवा काहीतरी.

मास्तर_निवृत्त
ड्रॉइंग स्पर्धा नकोच. नाण्यांपासून सुरुवात करा. आपल्याकडे १९५८ पर्यंत रुपिया चालायचा, मग एस्कुदो आला, ६ एस्कुदोंना एक रुपिया असा हिशोब, आणि १९६१ ला मुक्ती झाली म्हणजे तो एस्कुदो जेमतेम तीनेक वर्षं चालला. आता ऐंशीच्या आसपास जे आहेत त्यांनी ती नाणी घेऊन दुकानात जाऊन सामान आणलेलं आहे. अशा दोघा-तिघांना टेबलाच्या मागे बसवा, भाषण नको, नुसतं बसवा, पोरं आपोआप विचारतात. आणि हाताला काम म्हणून ठसे. नाण्यावर पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी धरून हळू घासायची, आधी कड उमटते, मग मधलं चित्र, आणि शेवटी गोल फिरलेली अक्षरं, एस्तादो दा इंडिया, म्हणजे पोर्तुगीजांच्या इथल्या मुलखाचं नाव. ते वाचता आलं की पोरगं नाणं उलटं करतंच, सांगावं लागत नाही. शोकेसमधली नाणी मात्र बाहेर काढू नका, लोकांनाच घरची आणायला सांगा, देवघरात नाहीतर कपाटाच्या खणात एखादं असतंच. कोणीतरी चिंच लावून चकाचक करून आणणार, म्हणून आमंत्रणातच लिहा की घासूपुसू नका, जुन्या नाण्याचं वाटोळं होतं त्याने.

सुंवारी_वाला
तुमच्याकडे घुमट आहे आणि तुम्ही ते काचेत ठेवलंय!! असो. ते बाहेर काढू नका ते बरंच, जुनं असेल तर त्यावर घोरपडीचं कातडं असण्याची शक्यता जास्त, त्याला आता कायद्याने बंदी आहे म्हणून हल्ली बकरीचं लावतात. हीच गोष्ट तिथे सांगण्यासारखी आहे, काचेतलं जुनं बघा आणि बाहेर नवीन वाजवून बघा, कातडं वेगळं म्हणजे आवाज वेगळा. गावच्या आरतीच्या पथकाला विचारा, चवथीला, म्हणजे गणपतीत, वाजवणारे मे महिन्यात मोकळेच असतात, दोन घुमटं, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कांसाळं (झांजा) घेऊन या म्हणावं. नवख्याला एवढंच दाखवायचं की उजव्या हाताने कातड्यावर मारायचं आणि डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड झाकायचं-सोडायचं, झाकलं की आवाज आत दबतो, सोडला की घुमतो. पाच मिनिटात जमतं तेवढं, आणि जमलं की माणूस जागचा हलत नाही, त्यामुळे रांग लावायला एक जण ठेवा. मे महिन्यात हवा दमट, कातडं सैल पडतं, आधी जरा उन्हात ठेवा. २०१९ ला सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंय, तो बोर्ड लावा हवा तर, पण बोर्ड वाचायला कोण येत नाही.

फोंड्याची_शमा
मास्तर, सुंवारीवाले दादा, दोघांचंही पक्कं. घुमटाचं मला माहीतच नव्हतं, उद्या जाऊन कातडं बघते. पण अगदी लहान भुरगी, चार-पाच वर्षांची, त्यांचं काय? आणि रंग आत नेऊ देणार नाही असं मालकांनी आधीच सांगितलंय.

रायबंदरची_वैनी
रंग राजांगणातच ठेव ना. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी असते बघ, पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर आणि मग तो कोरून काढलेली वेलबुट्टी. तेच कागदावर होतं. जाड कागदावर पांढरा तेलखडू खसाखसा घासायचा, वरून तांबडा पोस्टर कलर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा नाहीतर रंग खडूवर धरत नाही, आणि सुकला की शाई संपलेल्या बॉलपेनाने कोरायचं. पण अट घाल, आतल्या एखाद्या भांड्यावरची नक्षी बघून यायची आणि तीच कोरायची. म्हणजे आत जाणं आलंच. अगदी बारक्यांसाठी उसगाळीमळचा चकवा काढ अंगणात गेरूने, कुशावतीच्या काठावर जांभ्यात कोरलेली ती गोल गोल वाट आहे ना, तशी मोठ्ठी, त्यावरून चालत मधोमध जायचं. पोरं दमतात आणि आया खूश. गेरू ओला असताना कोणाला चालू देऊ नको हां, नाहीतर सगळ्या घरभर तांबडी पावलं.

खडूस_म्हापशेकर
सगळं छान, पण मुख्य गोष्टी कोण बोलत नाही. एक, फुकट म्हटलं की नावं शंभर लिहितात आणि येतात त्यातले निम्मे, नाहीतर न लिहिलेलेच सगळे येतात, त्यामुळे नावनोंदणीच्या भानगडीत पडू नका, वस्तू थोड्या जास्त आणून ठेवा. दोन, ८ ला संपवलंत तर बसने आलेले परत कसे जाणार? संध्याकाळनंतर गावाकडच्या गाड्या किती असतात सगळ्यांना माहीत आहे. ४ ते ७ करा. तीन, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पंच, सरपंच, आमदार, आमदारांची वाट बघणं. आमच्याकडे एका कार्यक्रमात हेच चाललं पाऊण तास आणि पोरांनी तोपर्यंत रंग पाण्यात कालवून संपवले. बोलवायचंच असेल तर त्यांनाही घुमटाच्या रांगेत उभे करा.

सुंवारी_वाला
@म्हापशेकर हाहा, आमचं पथक तयार आहे. करंट गेला तरी घुमट वाजतं, मे मधे वळवाचा एक पाऊस आला की करंट जातोच, बॅटऱ्या आणून ठेवा ताई.

फोंड्याची_शमा
४ ते ७ बद्दल आजच कमिटीत बोलते. दीपप्रज्वलन काढता येईल असं वाटत नाही, पण ते शेवटी ठेवूया म्हणून सांगून बघते, तोपर्यंत दिवेलागण पण झालेली असेल. रायबंदरच्या वैनी, गेरू किती लागेल, दोन किलो पुरे?

रायबंदरची_वैनी
एक किलो पण खूप झाला. उरलेला चवथीला भिंतींना चालतो.