कोलेस्टेरॉलच्या गोळीसाठी घरातले संत्रे बंद करावे का?

धागा मांडणारी (धरमपेठ)

माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पाच वर्षांपासून ते रोज रात्री कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिनची दहा मिलिग्रॅमची गोळी घेतात. मोबाइलवर आलेली पथ्यांची एक यादी गेल्या वर्षी कोणीतरी छापून आणली आणि ती आमच्या फ्रिजवर चिकटली. तिच्यात संत्री, मोसंबी, लिंबू, तूप, अंडी, शेंगदाणे आणि हिरव्या पालेभाज्या हे सर्व एकाच ओळीत ‘बंद’ या शब्दाखाली लिहिले होते. वडील शिस्तीचे असल्यामुळे त्यांनी खरोखरच सर्व बंद केले. डिसेंबरात काटोलहून अंबिया बहराच्या संत्र्यांची पेटी आली, तेव्हा त्यांनी नातवाला फोडीवरचे पांढरे दोरे काढून एकेक फोड भरवली आणि स्वतः मात्र एकही तोंडात टाकली नाही. सात महिन्यांत त्यांचे वजन एकसष्ट किलोवरून पंचावन्नवर आले आणि जिना चढताना त्यांना कठड्याचा आधार लागू लागला.

मी डॉक्टरांना विचारले आणि थोडे वाचलेही. या यादीचे मूळ ग्रेपफ्रूटमध्ये आहे. हे फळ पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून तयार झालेले असून नागपूरच्या बाजारात ते क्वचितच दिसते. हिंदी याद्यांत त्याचे ‘चकोतरा’ होते, पुढच्या भाषांतरात ‘लिंबूवर्गीय फळे’ होते आणि शेवटी आपल्या घरातले संत्रे बंद होते. नागपुरी संत्रे, ज्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते मँडरीन गटातले आहे आणि ग्रेपफ्रूटमधील ज्या द्रव्यांमुळे औषधाला बाधा येते, ती त्यात नगण्य असतात. माझे म्हणणे असे आहे की पथ्य गोळीचे नाव पाहून ठरावे. सरसकट भीतीने म्हाताऱ्या माणसाचे ताट रिकामे करू नये.

प्रतिसाद : आईची काळजी घेणारी मुलगी (महाल)

ताई, आपल्या वडिलांच्या वजनाबद्दल वाचून वाईट वाटले, परंतु आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची असून दिवसाला सात गोळ्या घेते. कोणती गोळी रक्तदाबाची आणि कोणती कोलेस्टेरॉलची, हे ती रंगावरून ओळखते, आणि कंपनी बदलली की रंगही बदलतो. अशा माणसाला ‘गोळीचे नाव पाहून ठरवा’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. ‘आंबट फळांचा रस नाही’ हा एक नियम तिच्या लक्षात राहतो. तो गरजेपेक्षा थोडा अधिक कडक असेल, पण मी दिवसभर नोकरीवर असताना घरात तोच पाळला जातो.

भीती अगदी निराधार असते असेही नाही. दोन वर्षांपूर्वी छातीतील संसर्गासाठी आईला क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुरू झाले. त्याच वेळी तिची सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती, हे कोणाच्याही लक्षात आले नाही. चौथ्या दिवशी तिच्या मांड्या इतक्या दुखू लागल्या की तिला न्हाणीघरातून उचलून आणावे लागले. ते प्रकरण रक्ततपासणीवर आणि गोळी बदलण्यावर निभावले. हा अनुभव घेतलेल्या घराला आपण सैल सोडायला सांगू नये.

प्रतिसाद : निवृत्त औषधनिर्माता (धंतोली)

आपल्या आईंच्या बाबतीत जे घडले, त्याचे आणि ग्रेपफ्रूटचे कारण एकच आहे, म्हणून ते नीट सांगतो. आतड्यात आणि यकृतात सीवायपी3ए4 नावाचे एक विकर (एन्झाइम) असते. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन या गोळ्यांचा बराच भाग रक्तात पोहोचण्याआधीच हे विकर मोडून टाकते. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातील हे विकर निकामी करतो आणि क्लॅरिथ्रोमायसिनही त्याला अडवते. परिणामी मात्रा तीच असली, तरी रक्तात औषध कितीतरी अधिक चढते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. कॅनडातील डेव्हिड बेली यांच्या गटाला 1989 मध्ये हे फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाच्या अभ्यासात योगायोगाने आढळले. औषधाबरोबर दारूचा काय परिणाम होतो हे ते तपासत होते, आणि दारूची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. एका पेल्याचा परिणाम चोवीस तासांहून अधिक टिकू शकतो, त्यामुळे सकाळी रस आणि रात्री गोळी ही युक्ती उपयोगाची नाही.

रोसुव्हास्टॅटिन आणि प्रॅव्हास्टॅटिन या मार्गाने जातच नाहीत. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकातला इशाराही दिवसाला 1.2 लिटरहून अधिक ग्रेपफ्रूट रस पिणाऱ्यांसाठी आहे. पपनस मात्र ग्रेपफ्रूटचे जनक फळ आहे आणि ते आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत मिळते. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ते टाळलेले बरे.

ज्या गोष्टींविषयी कोणी विचारत नाही, त्या मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. जेवणानंतर आंबट ढेकर आले की घरोघरी गुलाबी रंगाचे अँटासिड घेतले जाते. ते रोसुव्हास्टॅटिनबरोबरच घेतले, तर गोळीचा सुमारे अर्धा भाग शरीरात शोषलाच जात नाही. म्हणून आधी गोळी घ्यावी आणि किमान दोन तासांनी अँटासिड घ्यावे. इसबगोल कोलेस्टेरॉलसाठी चांगलेच आहे, परंतु ते आणि गोळी यांतही दोन तासांचे अंतर असावे, आणि इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलमध्ये मोनाकोलिन के असते आणि रासायनिकदृष्ट्या ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन. स्टॅटिन (वरच्या सर्व कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा गट) घेणाऱ्याने त्या घेतल्या, तर तो नकळत दुहेरी औषध घेत असतो.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षक (इतवारी)

आपण सर्व फळांवर बोलत आहात. माझा आक्षेप दुसऱ्याच ठिकाणी आहे. माझ्या ओळखीत गोळी सुरू झाल्यावर पथ्य सोडणारेच अधिक आहेत. ‘आता गोळी आहे, चालते’ असे म्हणत रविवारी सावजीचे मटण खाल्ले जाते, रश्श्यावर बोटभर तेलाची तर्री असते, आणि सोमवारी सकाळी पुन्हा तर्री-पोहे. अशा लोकांच्या हाती ‘सैल करा’ हा सल्ला पडला, तर ते त्यातून नेमके आपल्या सोयीचे उचलतील. कडक यादी फ्रिजवर राहू द्यावी, असे मला मनापासून वाटते.

धागा मांडणारीचे उत्तर

सर, तर्रीबद्दल आपण जे म्हणता, ते मला मान्य आहे. परंतु तर्री गोळीला बाधा आणत नाही, ती आजार वाढवते, आणि ग्रेपफ्रूट आजार वाढवत नाही, ते गोळीला बाधा आणते. या दोन वेगळ्या याद्या आहेत आणि त्या एकत्र केल्यामुळेच आमच्या घरात घोळ झाला. तळणीचे पुन्हा पुन्हा तापवलेले तेल, वनस्पती तूप, बेकरीची खारी आणि रोजचे मद्य हे सर्व आजार वाढवणाऱ्या यादीत कायम राहावे, आणि मद्याचा यकृताशी संबंध असल्यामुळे ते गोळीच्या यादीतही घालावे. पालेभाजीचे पथ्य तर या गोळीचे नव्हेच. रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांना ती रोज सारख्या प्रमाणात खायला सांगतात, आणि तेथेही ती बंद करायची नसते.

वयाचीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे कोणतीच छापील यादी पाहत नाही. अठ्ठ्याहत्तरव्या वर्षी सहा किलो वजन जाते, तेव्हा त्याबरोबर स्नायूही जातात. वडिलांना आता वरण, दही आणि एक अंडे रोज मिळते, आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी, जी आपल्या विदर्भात पूर्वीपासून होती आणि हृदयालाही चांगली आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा वृद्धांना तहान कमी लागते. म्हणून पाणी आणि ताक घड्याळ पाहून द्यावे लागते. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल, तर तेच प्रमाण पाळावे.

प्रतिसाद : निवृत्त औषधनिर्माता (धंतोली)

सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी दोन वाक्ये जोडतो. बागेबाहेर दुधीचा कच्चा रस मिळतो. तो कडू लागला, तर त्याच घोटाला थांबावे, कारण कडू दुधीतील विषारी द्रव्याने उलट्या, रक्तस्राव आणि रक्तदाब कोसळणे असे प्रकार झालेले आहेत. गोळी सुरू असताना कारण नसताना स्नायू दुखू लागले, अशक्तपणा आला किंवा लघवी चहासारख्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि एरवी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

प्रतिसाद : आईची काळजी घेणारी मुलगी (महाल)

सर, आपले विवेचन मी दोनदा वाचले. आईची सिमव्हास्टॅटिन बदलून आता रोसुव्हास्टॅटिन झाली आहे, तेव्हा अख्खे संत्रे मी तिला या रविवारपासून देईन. गाडीवरचा रस मात्र बंदच राहील, कारण त्यात कोणते फळ किती घातले आहे हे मला दिसत नाही. नियमाबाबत माझे मत बदललेले नाही. काल मी तिच्या डब्यातली पट्टी हातात घेतली. दुकानदाराने पंधरातल्या सहा गोळ्या कात्रीने कापून दिल्या होत्या, आणि औषधाचे नाव व मुदतीची तारीख दुकानात राहिलेल्या तुकड्यावर गेली होती. उरलेल्या चांदीवर इंग्रजीतली शेवटची चार अक्षरे होती, आणि माझी आई मराठी सातवी शिकलेली आहे.