कबूल झालेल्या दुआ वहीत लिहून ठेवता का कोणी?

खेडवाली:
अस्सलामु अलैकुम. दुआ मागताना मी रडून रडून मागते आणि काम झालं की ते होणारच होतं अशी वागते. भावाला कतारला नोकरी लागावी म्हणून घरातली सगळी तहज्जुदला, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजला उठायची, नोकरी लागली, आता घरात विषय एकच, त्याला ईदला सुट्टी का देत नाहीत 😀 म्हणून रमजानपासून वही केलीये, डावीकडे काय मागितलं आणि उजवीकडे काय मिळालं. अम्मी म्हणते लिहू नको नजर लागेल, चुलतभाऊ म्हणतो बिदअत आहे, म्हणजे धर्मात नवीनच काहीतरी घुसवणं. त्यात उजवी बाजू बरीचशी कोरीच आहे, ते बघून उलट मन खट्टू होतं. बंद करू का?

दाभोळचा_पाहुणा:
वालेकुम सलाम. भावाचं वाचून कुरआनातल्या सूरह यूनुसची आयत १२ आठवली बघ, माणसाला त्रास झाला की तो आडवा पडून, बसून, उभा राहून अल्लाहला हाक मारतो आणि त्रास गेला की असा चालू लागतो जणू कधी हाक मारलीच नव्हती. म्हणजे तुझ्याच घरात होतंय असं काही नाही. बिदअतचं म्हणशील तर वही ही काय इबादत (उपासना) नाही, आठवण राहावी म्हणून लिहितेस. लिहिण्याचा खास सवाब (पुण्य) असतो असं सांगत फिरलीस तर मग चुलतभावाचं बरोबर.

आपा_श्रीवर्धन:
कोऱ्या बाजूबद्दल बोलते. मुस्नद अहमद या हदीसच्या किताबात अबू सईद खुदरी रजि. यांनी सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे, ज्या दुआत गुनाह नाही, नाती तोडणं नाही, तिचं तीनपैकी एक होतं. एकतर लवकर मिळतं, नाहीतर आखिरतसाठी, मरणानंतरच्या आयुष्यासाठी ठेवलं जातं, नाहीतर तेवढीच एखादी बला (संकट) टळते. आता टळलेली बला तू वहीत लिहिणार कशी? जो अपघात झालाच नाही तो तुला कळणार कुठून! सहाबा, म्हणजे पैगंबरांचे साथीदार म्हणाले मग आम्ही खूप मागू, तर हुजूर (पैगंबर) सल्ल. म्हणाले अल्लाहकडे त्याहून जास्त आहे. आणि बुखारी या हदीसच्या किताबात आहे की बंद्याची दुआ कबूल होते, जोपर्यंत तो घाई करून "मागितलं पण मिळालं नाही" म्हणत नाही. तुझी वही तेच म्हणायला लावत असेल तर उजवी बाजू आखूच नको, मिळालेलं तेवढं लिही.

नजरेचं अम्मी अगदीच चुकीचं बोलत नाही हां. सूरह दुहाच्या शेवटी रबच्या नेमतीचं (देणगीचं) बोलत राहा असं आहे, पण याकूब अलै. यांनी यूसुफ अलै. यांना स्वप्न भावांना सांगू नको असंही म्हटलं होतं. वही कपाटात राहू दे, व्हॉट्सॲप स्टेटसला नको.

मुसाफिर_पनवेल:
मला ही वही पटत नाही, स्पष्टच सांगतो. हिशोब मागितल्यासारखं वाटतं. जे मागितलंच नव्हतं त्याचं काय, डोळे, श्वास, अम्मी जिवंत आहे? सूरह इब्राहीममध्ये आहे अल्लाहच्या नेमती मोजायला गेलात तर मोजून होणार नाहीत.

दाभोळचा_पाहुणा:
बरोबर आहे भाई, पण मोजून होणार नाहीत म्हणून एकही आठवायची नाही असं थोडंच आहे? खेडवाली, वहीपेक्षा सोपं सांगतो, चांगली बातमी आली की तिथल्या तिथे सजदा-ए-शुक्र कर, म्हणजे आभार म्हणून कपाळ जमिनीला टेकव. आपल्या कोकणी शाफई लोकांत तो सुन्नत आहे, हनफी या दुसऱ्या फिकही पंथात त्यावर थोडी वेगळी मतं आहेत. सहाबी काब बिन मालिक रजि. तबूकच्या मोहिमेला गेले नाहीत म्हणून ५० रात्री त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं, मग त्यांची तौबा कबूल झाली आणि सलअ डोंगरावरून एकजण ओरडला, काब, खुशखबर! ते तिथेच सजद्यात गेले. पुढचं जास्त भारी आहे, खबर द्यायला आलेल्याला त्यांनी अंगावरचे कपडे काढून दिले आणि स्वतः दुसऱ्याचे मागून घालून मस्जिदीत गेले. म्हणजे अल्लाहचा शुक्र झालाच, माणसालाही मोकळ्या हाताने दिलं. भावाची नोकरी कोणाच्या तरी ओळखीने लागली असेल ना? त्या माणसाला कोणी फोन केला का परत?

खेडवाली:
नाही केला 🙈 अब्बांच्या दोस्ताच्या जावयाने सीव्ही दिला होता, आज करायला सांगते. सजद्याचं एक विचारते, बायकांचे ते दिवस असतील तेव्हा बातमी आली तर?

आपा_श्रीवर्धन:
तेव्हा सजदा नाही, शाफईत त्यालाही नमाजीसारखी पाकी लागते, किबल्याकडे (काबाच्या दिशेला) तोंड लागतं. तोंडाने अलहम्दुलिल्लाह म्हण, दुआ कर, त्याला काही अडत नाही. आणि नमाज चालू असताना मध्येच शुक्राचा सजदा करायचा नाही हं, नमाज तुटते, सलाम फिरवून मग कर.