जिममधली स्टेरॉईड्स आणि स्मरणशक्ती: लिव्हर मोजता, मग डोकं का नाही?

संप्रेरक (धागाकर्ता)

सायकल मारणाऱ्यांना, म्हणजे काही आठवडे स्टेरॉईडचा कोर्स करणाऱ्यांना, गायनो (पुरुषाची छाती स्त्रीसारखी वाढणं), पिंपल्स, टक्कल, लिव्हर सगळं तोंडपाठ असतं. सायकल संपली की एसजीपीटी (लिव्हरची रक्तचाचणी) आणि लिपिड प्रोफाइल काढून आणायची शिस्तही बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडली आहे. मेंदूचं मात्र कुणी नाव काढत नाही. फार तर 'ट्रेनवर (ट्रेनबोलोन हे जहाल स्टेरॉईड) असताना डोकं फिरतं' एवढ्यावर विषय संपतो. माझं म्हणणं सरळ आहे: वर्षानुवर्षं मोठ्या डोसवर राहणाऱ्यांची स्मरणशक्ती उतरते असं मानायला आता पुरेसा आधार आहे, आणि तो गृहीत धरूनच वागायला हवं. (इथे फक्त टेस्टोस्टेरॉन आणि त्याची भावंडं. दम्याचा पंप किंवा प्रेडनिसोलोन हा वेगळा विषय.)

आधी डोस किती तो बघा. पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, म्हणजे आठवड्याला चाळीसेक. आठवड्याला ५०० मिलिग्रॅम एनान्थेट (टेस्टोस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन) घेतलं, तर त्यात एस्टरचं, म्हणजे हार्मोन हळूहळू सुटावं म्हणून जोडलेल्या भागाचं, वजन वजा जाता सुमारे ३६० मिलिग्रॅम खरं हार्मोन असतं. आठ-नऊ पट. आणि जिममध्ये हा 'बिगिनर' डोस समजला जातो! त्यावर डेका, ट्रेन ही दुसरी स्टेरॉईड्स आणि गोळ्या चढतात ते वेगळंच.

आता आधार. अमेरिकेतल्या पोप-कानायामा गटाने २०१३ साली ३१ वापरणारे आणि १३ न वापरणारे वेटलिफ्टर तपासले, वय २९ ते ५५. एका चाचणीत स्क्रीनवर एकामागून एक नक्ष्या दाखवतात, मग दोन-दोन समोर ठेवून 'यातली आधी कुठली पाहिलीत?' असं विचारतात. दुसरीत कुठल्या चौकटीत कुठली नक्षी होती ते आठवायचं. दोन्हींत वापरणारे मागे पडले, आणि पहिल्या चाचणीत तर आयुष्यभरात घेतलेला एकूण डोस जितका जास्त तितके गुण कमी. प्रतिक्रियेचा वेग आणि एकाग्रता यांत मात्र फरक नव्हता. म्हणजे 'सगळंच मंद झालंय' असं नाही, नेमकी एक गोष्ट बिघडलेली दिसते. पुढे २०१७ मध्ये नॉर्वेतल्या गटाने ८२ वापरणारे आणि ६८ न वापरणारे यांचे एमआरआय काढले. दोन्हीकडचे लोक वजनं उचलणारेच. वापरणाऱ्यांमध्ये मेंदूचं बाहेरचं आवरण, कॉर्टेक्स, बऱ्याच भागांत पातळ आढळलं.

शंकासुर

धागा चांगला, पण 'पुरेसा आधार' हे पटलं नाही.

दोन्ही अभ्यास एकदाच काढलेल्या फोटोसारखे आहेत. सायकल सुरू करण्याआधी या माणसांची स्मरणशक्ती कशी होती हे कुणालाच ठाऊक नाही. उतावळा, धोका पत्करणारा, शाळेत लक्ष न लागणारा मुलगा स्टेरॉईडकडे जास्त वळत असेल, तर फरक सुई टोचायच्या आधीपासूनच असणार. तुलनेला १३ माणसं म्हणजे तर दोन जण त्या दिवशी नीट झोपले नसतील तरी सरासरी हलायची.

त्यातून वापरणारा माणूस फक्त स्टेरॉईड घेतो का? क्लेन (चरबी उतरवायला घेतलं जाणारं क्लेनब्युटेरॉल), थायरॉईडच्या गोळ्या, इन्सुलिन, ग्रोथ हार्मोन, झोपेच्या गोळ्या, कुणाची दारू, कुणाचं आणखी काही. इन्सुलिनने साखर ५४ च्या खाली गेली की डोकं चालेनासं होतं, हे मधुमेहाच्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. त्याचा हिशोब टेस्टोस्टेरॉनच्या खात्यावर का लिहायचा?

बारबेल

+१. शिवाय भसीन यांचा टेस्टोस्टेरॉनवरचा १९९६ चा प्रसिद्ध प्रयोग आहेच. आठवड्याला ६०० मिलिग्रॅम, १० आठवडे, आणि खऱ्या औषधाशेजारी खोटं इंजेक्शन घेणारा गटही. राग वाढला नाही, मूड बिघडला नाही. टेस्टोस्टेरॉन शरीराचंच आहे हो, विष नाही. कमी असलेल्यांना दिलं की उलट तरतरी येते.

संप्रेरक

@बारबेल, त्या प्रयोगात राग आणि मूड मोजला, आठवण नव्हे. आणि १० आठवडे गुणिले ६०० म्हणजे ६ ग्रॅम. वर्षाला १६ आठवड्यांच्या दोन सायकली, ५०० च्या डोसने, असं दहा वर्षं चाललं तर १६० ग्रॅम होतात. ६ ग्रॅमवरून १६० ग्रॅमचा निवाडा कसा करणार? मूडचंही चित्र इतकं सरळ नाही. पोप यांच्या २००० सालच्या प्रयोगात डोस वाढवत ६०० पर्यंत नेला, तेव्हा ५० पैकी ४२ जणांत फारसं काही झालं नाही, ६ जणांत सौम्य आणि दोघांत ठळक उन्मादाची लक्षणं दिसली. सरासरी काढली की ते दोघं त्यात बुडून जातात.

तरतरीचं म्हणाल तर टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या आणि विसरभोळेपणाची तक्रार असलेल्या ४९३ वयस्कर पुरुषांवर वर्षभराची चाचणी झाली, निकाल २०१७ ला आला. स्मरणशक्ती सुधारली नाही. जिथे कमतरता आहे तिथेही फायदा दिसत नाही, मग आठपट घेऊन कसला मिळणार?

@शंकासुर, 'आधीपासूनच तसे होते' मान्य केलं तरी वापरणाऱ्यांच्या आपापसातल्या फरकाचं काय? तिथेही जास्त डोस तिथे कमी गुण.

शंकासुर

जास्त उतावळा तो जास्त डोस घेणार. युक्तिवाद तोच, फक्त एक पायरी खाली उतरला. शिवाय एकूण डोस म्हणजे माणसाने आठवून सांगितलेला डोस, आणि काळ्या बाजारातल्या बाटलीत लेबलाप्रमाणे माल असतोच असं नाही.

आकडेमोडे

बाटलीचा मुद्दा तुमच्या बाजूने नाही, शंकासुर. डोसच्या आकड्यात अशी अंधाधुंद चूक असली की खरा संबंध फिका पडतो, नसलेला उगवत नाही. विसराळू माणसं डोस मुद्दाम वाढवून सांगत असतील तरच तुमचं जमेल.

'आधीपासूनच तसे' यावर उतारा म्हणजे प्राण्यांवरचे प्रयोग. तिथे कुणाला सुई टोचायची हे संशोधक ठरवतो, उंदराचा स्वभाव नव्हे. नॅन्ड्रोलोन, म्हणजे जिममधलं डेका, किलोमागे १५ मिलिग्रॅम दर तिसऱ्या दिवशी दिलेले उंदीर पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला आणि त्याची जागा लक्षात ठेवायला कमी पडले. गंमत बघा, इथेही जागा लक्षात ठेवणंच बिघडलं.

बारबेल

१५ गुणिले ८० किलो = १२०० मिलिग्रॅम, तेही दर तिसऱ्या दिवशी! एवढं डेका घेतो कोण? असले प्रयोग जिमला लागू नाहीत.

आकडेमोडे

असा थेट गुणाकार चालत नाही. लहान प्राणी औषध भराभर संपवतो, म्हणून डोस शरीराच्या पृष्ठभागावरून बदलून घेतात. उंदराच्या (हा मोठा उंदीर, रॅट, छोटा पांढरा माऊस नव्हे) डोसला साधारण ६.२ ने भागायचं. १५ भागिले ६.२ म्हणजे किलोमागे २.४. गुणिले ८० म्हणजे १९० च्या आसपास. दर तिसऱ्या दिवशी, म्हणजे आठवड्याला साधारण ४५०. हा आकडा तुम्हाला ओळखीचा वाटत नाही का? तेलातल्या डेपो इंजेक्शनला हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही, हे मान्य. पण '१२००' पेक्षा सत्याच्या कितीतरी जवळ आहे.

निद्रानाश

तुम्ही सगळे थेट मेंदूवरच्या परिणामाबद्दल भांडताय. जिममधला माणूस 'नावं आठवत नाहीत, वाचलेलं डोक्यात राहत नाही' म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा कारण आडवाटेचं असतं, आणि ते सापडलं तर दुरुस्तही होतं.

पहिलं झोप. मान जाड झाली, वजन १०० च्या वर गेलं, टेस्टोस्टेरॉन चढलेलं, की घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं वाढतं. ट्रेनवर तर घाम आणि निद्रानाश ठरलेलाच. सकाळी डोकं जड, दुपारी डुलक्या, बायको म्हणते 'मध्येच श्वास थांबतो' अशी लक्षणं असतील तर रात्रभराची स्लीप स्टडी करा. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे हे झोपेत श्वास अडकणं, स्टेरॉईड न घेणाऱ्यांचीही स्मरणशक्ती खातो.

दुसरं रक्त. स्टेरॉईडने तांबड्या पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेला की उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन देणारा डॉक्टरसुद्धा ते थांबवतो. घट्ट रक्त, चढलेलं बीपी आणि गोळ्यांनी पाडलेलं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ही तिकडी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी वाईट. बीपी घरी, बसून, पाच मिनिटं शांत राहून मोजा. आणि मोठा कफ वापरा. १७ इंची दंडाला साधा कफ लावला की आकडा खोटा वाढतो, मग लोक मशीनलाच दोष देऊन गप्प बसतात.

तिसरं, जे सगळ्यात जास्त चुकतं, ते सायकल संपल्यानंतरचं. एनान्थेटचं अर्धायुष्य साडेचार दिवसांचं, म्हणजे शेवटच्या सुईनंतर तीन आठवड्यांनी बाहेरचं हार्मोन जवळपास संपलेलं असतं. डेकाला याहून जास्त वेळ लागतो. तोवर एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारी मेंदूतली हार्मोन्स, झोपलेली, स्वतःचं टेस्टोस्टेरॉन तळाला. उदासी, थकवा, काहीच न सुचणं हे तेव्हाचं. सावरायला काही महिने लागतात, लांब वापर असेल तर वर्षाहून जास्तही. या काळात कुणाची स्मरणशक्ती तपासली तर तुम्ही नैराश्य मोजताय, झालेली इजा नव्हे.

लोहपुरुष

म्हणूनच लोक ब्लास्ट अँड क्रूझ करतात: मोठ्या डोसची सायकल, मग बंद न करता कमी डोसवर राहायचं. सायकल संपल्यावरचा हा क्रॅशच येऊ द्यायचा नाही, विषय संपला.

संप्रेरक

क्रॅश टळतो, पण क्रूझवर आठवड्याला २०० मिलिग्रॅम म्हणजेही नैसर्गिक पातळीच्या तिपटीहून जास्त, बाराही महिने, सुट्टी नाही. एकूण डोसशीच संबंध असेल तर ही पद्धत सगळ्यात महाग पडते. नॉर्वेच्याच गटाने २०२१ मध्ये १३० वापरणाऱ्यांच्या एमआरआयवरून 'मेंदूचं वय' काढलं. ते सरासरीने न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं, आणि व्यसनासारखं अवलंबित्व व लांब वापर असलेल्यांत फरक आणखी मोठा होता. क्रूझ करणारे नेमके याच रांगेत उभे असतात.

शंकासुर

हा मुद्दा बिनतोड आहे. क्रूझला माझा पाठिंबा कधीच नव्हता. माझी हरकत कार्यकारणभावावर होती आणि ती कायम आहे. तीच माणसं, सुरू करण्याआधी आणि पाच वर्षांनी, त्याच चाचण्या. तोवर मी 'शक्यता दाट' म्हणेन, 'सिद्ध' नाही.

@निद्रानाश, एखाद्याला स्वतःपुरतं मोजायचं असेल तर?

निद्रानाश

मोबाईलवरचे ब्रेन गेम सोडा, त्यात फक्त गेमचाच सराव होतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून नीट चाचणी घ्या, आणि दुसऱ्यांदा घेताना प्रश्नांचा पर्यायी संच मागा. नाहीतर सरावानेच गुण वाढतात आणि माणूस 'मला काही झालं नाही' म्हणून मोकळा होतो. दोन्ही वेळा सकाळीच, सात तास झोप झालेली, आदल्या दिवशी दारू नाही, प्री-वर्कआउट नाही. त्याच आठवड्यात सकाळी १० च्या आत रक्त द्या: टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, एस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार), टीएसएच (थायरॉईडसाठी), बी१२, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). अ‍ॅनास्ट्रोझोल (टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्राडायोल होणं रोखणारी गोळी) घेणाऱ्यांनी एस्ट्राडायोलची चाचणी अजिबात टाळू नये. मेंदू स्वतः टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्राडायोल बनवून वापरतो, आणि गायनोच्या भीतीने लोक ते शून्याला भिडवतात.

बंद करायचं ठरवलं तर एन्डोक्रिनॉलॉजिस्टला आधी सगळं खरं सांगा, नावं आणि मिलिग्रॅमसकट. क्रॅशमध्ये जीव नकोसा वाटू लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, घरच्यांना सांगून ठेवा. बाकी बदल एका वेळी एकच. स्लीप अ‍ॅप्नियाचं मशीन लावलं त्याच आठवड्यात अ‍ॅनास्ट्रोझोलही सोडलं, तर तीन महिन्यांनी डोकं हलकं कशाने झालं ते कुणालाच सांगता येणार नाही.