चौघी मैत्रिणी, दोन दिवस, कुठे जाऊ?

चिपळूणची_माऊ: आम्ही चौघी, नवरे-पोरं घरी ठेवून मार्चमध्ये शनिवार-रविवार निघणार आहोत. गणपतीपुळे नको, तिथे सगळे ओळखीचेच भेटतात 😀 समुद्र हवा, मासे हवेत, स्वयंपाक अजिबात नको. मालवण की दापोली?

खेकडीण: मालवणला दोन दिवसात नुसती धावपळ होईल गं. दापोलीच कर, कर्दे नाहीतर मुरुडला राहा आणि संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव बघा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, भाव करायला एखादी तोंडाळ मैत्रीण मात्र बरोबर हवी, मग अंजर्ल्याला कड्यावरचा गणपती.

सड्यावरची: मार्च आहे तर वेळास का नाही?? ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, राहणं-जेवण गावात घरगुती. पिल्लं निघतीलच असं नाही हां, आणि बऱ्याच घरी जेवण शाकाहारी.

चिपळूणची_माऊ: शाकाहारी म्हटल्यावर एकीने लगेच नाक मुरडलं. शनिवारी हर्णै, रविवारी पहाटे वेळास जमेल?

खेकडीण: जमेल की, पण रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी चालवणारीला रात्रीच्या गप्पांत ओढू नका.