स्वभाव ‘निम्मा जनुकांचा’ म्हणजे नेमकं काय?

रामबागवासी
नमस्कार मंडळी. इंदुरातल्या आमच्या अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीचा विषय आहे ‘स्वभाव: उपजत की संस्कारांचा?’. श्रोते बहुतेक आजी-आजोबा, त्यामुळे ‘हे रक्तातच आहे’ हे वाक्य येणारच. जुळ्यांच्या अभ्यासांतून ‘सुमारे ५० टक्के आनुवंशिक’ असा आकडा देतात. मग नातवाचा तापटपणा निम्मा आजोबांकडून आला म्हणायचं का? हा आकडा काढतात कसा? आणि आपल्याकडच्या घरांना लागू पडेल असं एखादं उदाहरण हवं आहे.

संख्याशास्त्री
नाही, तसं म्हणता येत नाही, आणि बैठकीत सर्वांत आधी हेच सांगा. हा आकडा एका माणसाचा नसतोच. एखाद्या समूहात तापटपणा कमी-जास्त आढळतो, त्या फरकाचा किती भाग जनुकांतल्या फरकांमुळे आहे, एवढंच तो सांगतो. हाताला पाच बोटं जनुकांमुळेच येतात, तरी बोटांच्या संख्येची आनुवंशिकता शून्याच्या जवळ निघेल, कारण चार बोटांचे हात बहुधा अपघातातून आलेले असतात.

हिशेब फळ्यावर करून दाखवा. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी असतात. साध्या जुळ्यांमध्ये, भावंडांसारखीच, माणसामाणसांत वेगळी असू शकणारी जनुकं सरासरी निम्मी जुळतात. समजा तापटपणाचा सहसंबंध (जोडीतली दोघं किती मिळतीजुळती, ते सांगणारा आकडा) हुबेहूब जोड्यांत ०.६० आणि साध्या जोड्यांत ०.३५ आला. फरक ०.२५, त्याची दुप्पट ०.५०, ही आनुवंशिकता. ०.६० मधून ०.५० वजा केले की उरलेला ०.१० हा दोघांच्या एकाच घराचा वाटा. राहिलेल्या ०.४० मध्ये प्रत्येकाचे वेगळे अनुभव येतात, आणि मोजणीतल्या चुकाही. जुळ्यांच्या जवळपास सगळ्या अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यात १७,८०४ गुणधर्मांच्या आनुवंशिकतेची सरासरी ४९ टक्के निघाली.

हिशेब चुकतो तो दोन ठिकाणी. हुबेहूब जुळ्यांना लोक जास्त सारखं वागवत असतील, तर आकडा फुगतो. आणि फक्त सुखवस्तू घरांतली मुलं घेतली, तर घराघरांतला फरकच उरत नाही, मग जनुकांना जास्तच श्रेय जातं.

बालविकास_शिक्षिका
उदाहरण भाषेचं घ्या, इंदूरसाठी त्याहून जवळचं दुसरं नाही. १९८४ च्या एका प्रयोगात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. कान तेच होते. भोवतालच्या भाषेला नको असलेला भेद मेंदूने बाजूला टाकला. भेद ओळखण्याची क्षमता जन्मतः येते, त्यातलं काय टिकणार ते घरातलं बोलणं ठरवतं. इथे अंगण, शाळा, बाजार सगळं हिंदीत, आणि हिंदीत ‘ळ’ नाही. ‘फळ’चं ‘फल’ होतं ते रक्तामुळे नाही.

रामबागवासी
छान! मग नातवंडांना मराठी कार्टून लावून भागेल?

बालविकास_शिक्षिका
तान्ह्या वयात नाही भागत. २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, सुमारे २५ मिनिटांच्या १२ बैठका. त्या बाळांना चिनी ध्वनींतला भेद कळू लागला. तेच बोलणं पडद्यावरून किंवा नुसतं ऐकवलेल्या बाळांना काही फायदा झाला नाही. तेव्हा आजीने बाळाला समोर घेऊन, त्याच्या डोळ्यांत बघत मराठीत बोलावं. पहिलं वर्ष उलटलं म्हणून दार कायमचं बंद होत नाही, पण नंतर मेहनत जास्त लागते.

संख्याशास्त्री
एक भर. ‘आनुवंशिक म्हणजे अटळ’ असं कोणी म्हणालं तर फिनाइलकीटोन्युरिया या आनुवंशिक आजाराचं उदाहरण सांगा. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं, तर प्रथिनांतलं फिनाइलअॅलनिन शरीरात साठतं आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. जन्मानंतर लगेच टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर तपासणी केली आणि पहिल्या काही आठवड्यांतच खास दुधाचा आहार सुरू केला, पुढेही डाळी, साधं दूध, अंडी मोजूनमापून दिली, तर बुद्धीची वाढ बहुतांशी नीट होते. जनुक तेच राहतं, ताट बदलतं.