मिलिंद सोमण आणि आपण सगळ्या : अनुभव धागा

४ नोव्हेंबर जवळ आला की आमच्या शाळेच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटात एक विशिष्ट गडबड सुरू होते. एरवी स्वतःच्या लग्नाचा वाढदिवसही ज्यांना नवऱ्याने आठवण करून द्यावा लागतो, अशा बायका त्या दिवशी पहाटे पाचला जाग्या असतात आणि पहिला फोटो कोणाचा पडतो यावरून चुरस लागते. १९६५ साली जन्मलेल्या, मॉडेल आणि अभिनेता असलेल्या मिलिंद सोमणने आता साठी गाठली आहे. आम्ही पंचेचाळिशीच्या आहोत, तरीही गुडघ्यांची तक्रार आमच्याकडेच आहे. हे खूळ आमच्यापुरतेच नाही अशी खात्री असल्यामुळे हा धागा काढला आहे. त्याचा उल्लेख एकेरीतच होईल, कारण 'सोमणसाहेब' म्हटले की सगळी मजाच निघून जाते. अनुभव मात्र स्वतःचा असावा, ऐकीव नसावा. नवऱ्यांनीही लिहायला हरकत नाही.

सांगलीहून

१९९५ साली मी दहावीत होते आणि आमच्या वाड्यात केबल फक्त घरमालकांकडे होती. अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' केव्हा लागेल याचा काही नेम नसे, म्हणून आम्ही मैत्रिणींनी एक पद्धत ठरवली होती : ज्या घरी गाणे दिसेल तिथून दोन रिंगा देऊन फोन ठेवून द्यायचा, की बाकीच्यांनी हातातले काम टाकून जवळच्या टीव्हीकडे धाव घ्यायची. देशोदेशीचे उमेदवार नाकारणाऱ्या त्या राणीसमोर लाकडी खोके उघडते आणि आतून हा उघडाबंब बाहेर येतो, त्या क्षणाला पोहोचता आले नाही तर उरलेल्या गाण्यात आम्हाला फारसा रस नसे. मालकांच्या आई शेंगा सोलत शेजारीच बसलेल्या असत. त्यांनी एकदा शांतपणे विचारले, "ह्याला पार्सलनं मागवलाय काय? आणि मागवलायच, तर एक शाल तरी गुंडाळून पाठवायची."

त्याचे एक कात्रण मी कंपासपेटीच्या झाकणाला आतून भाताच्या शितांनी चिकटवले होते. भूमितीच्या तासाला कर्कटक काढताना बाईंनी पाहिले, पेटी मागून घेतली, बराच वेळ उघडी धरली आणि एक शब्दही न बोलता परत दिली. मागच्या वर्षी शाळेच्या मेळाव्यात त्या भेटल्या, तेव्हा माझे नाव त्यांना आठवत नव्हते. कात्रण मात्र आठवत होते.

दादरहून

आम्हा दादरकरांचे म्हणणे असे आहे की बाकीच्यांना तो खोक्यातून सापडला, आम्हाला तो आधीपासून माहीत होता. शिवाजी पार्कच्या तलावावर सराव करणारा, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव काढलेला मुलगा म्हणून माझ्या थोरल्या बहिणीच्या मैत्रिणी त्याच्याबद्दल बोलत असत, आणि त्यांच्यापैकी दोघींना एकाच उन्हाळ्यात अचानक पोहायला शिकण्याची निकड वाटली होती. हा अनुभव ऐकीव असल्याने नियमात बसत नाही, हे मला मान्य आहे. परंतु बहीण स्वतः लिहायला तयार नाही, कारण तिला अजूनही पोहता येत नाही.

नागपूरहून

माझी पिढी थोडी पुढची. १९९८ साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागत असे आणि अवकाशातल्या तुरुंगातून पळालेल्या गुन्हेगारांना पकडणारा हा माणूस देखणा आहे हे माझ्या लक्षातही आले नव्हते. आमचे सगळे लक्ष यानाकडे असे. आई मात्र त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभी राहत असे. तिला विज्ञानाची आवड आहे, असे मी पुढे कित्येक वर्षे सगळ्यांना सांगत आले.

ग्लासगोहून

त्याचा जन्म ग्लासगोचा आहे, हे मला इथे राहायला आल्यावर पुण्याच्या मैत्रिणींनी कळवले, आणि तेव्हापासून मी त्यांच्या दृष्टीने नोकरीसाठी परदेशी आलेली बाई न राहता तीर्थक्षेत्री वास्तव्याला असलेली बाई झाले आहे. "तिथली माती पाठव" अशी मागणी अधूनमधून होते. माती पाठवणे शक्य नसल्याने मी खिडकीतून दिसणाऱ्या पावसाचे फोटो पाठवते आणि खाली 'जन्मगावचे तीर्थ' असे लिहिते. वर्षाचे बहुतेक दिवस इथे पाऊस असतो, त्यामुळे पुरवठ्याची अडचण येत नाही.

ठाण्याहून, एक नवरा

परवानगी दिल्याबद्दल आभार. लग्नाला १९ वर्षे झाली आणि एवढ्या काळात आमच्या घरात या गृहस्थांचे नाव माझ्या सख्ख्या भावापेक्षा जास्त वेळा घेतले गेले आहे. २०१५च्या जुलैमध्ये त्यांनी झुरिचची आयर्नमॅन (पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायची) स्पर्धा पूर्ण केली, त्या संध्याकाळी मी सोफ्यावर आडवा होतो आणि त्याची नोंद आजतागायत ठेवण्यात आली आहे. मी नंतर धावायला लागलो. (ते अनवाणी धावतात, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.) पाच किलोमीटर पूर्ण करून पहिल्यांदा घरी आलो, तेव्हा बायकोने माझ्या पायांकडे पाहून "बूट घालून?" एवढेच विचारले.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. केवळ अभिनयासाठी त्यांच्या प्रेमात पडलेली व्यक्ती मला अजून भेटलेली नाही. पण बायकोने ओढत नेऊन दाखवलेल्या 'गंध' या मराठी चित्रपटामध्ये त्यांनी जो एकाकी, आजारी माणूस उभा केला आहे, तो पाहून बाहेर पडताना मी काही टोमणा मारला नाही.

पुण्याहून

आमच्या गटात २०२० साल दोन कारणांनी लक्षात राहिले आहे. एक म्हणजे एका मालिकेसाठी त्याने नाकात दागिना घालून काढलेला फोटो. त्यावर दिवसभर जी चर्चा झाली, ती नाक टोचलेले की नुसते दाबाचे, या एकाच मुद्द्यावर. दुसरे म्हणजे त्याची आई, उषा सोमण. ८१व्या वाढदिवसाला त्यांनी साडी नेसून १५ पुशअप्स काढले आणि तो व्हिडिओ गटात आला, तेव्हा पहिल्यांदाच आमच्यापैकी कोणीही बदामाचे चिन्ह टाकले नाही. थोड्या वेळाने एकीने लिहिले, "मला एकही येत नाही."

त्यातून 'दशांश आयर्नमॅन' निघाला. खऱ्या स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. आम्ही त्याला दहाने भागले आणि ३८० मीटर, १८ किलोमीटर व ४ किलोमीटरहून थोडे अधिक असा हिशेब वहीवर मांडला. मिलिंदला झुरिचमध्ये सगळे मिळून १५ तास १९ मिनिटे लागली होती, म्हणजे आम्हाला सुमारे दीड तास पुरायला हवा होता. सहा जणींनी सुरुवात केली. एकीची सायकल मुलाची असल्याने गुडघे हँडलला लागत होते, दुसरीने तलावात टोपी हरवल्यावर ती शोधण्यात पंधरा मिनिटे घालवली आणि धावण्याच्या टप्प्यात वाटेत अमृततुल्य लागले. तीन तास दहा मिनिटांनी चौघी पोहोचल्या. उरलेल्या दोघी चहाच्या टपरीवर सापडल्या आणि आम्हाला पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुंबईहून

२०१२ साली सुरू झालेल्या पिंकेथॉनबद्दल आणखी कोणी लिहील असे वाटले होते, पण कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. ही धाव फक्त स्त्रियांसाठी असते आणि तो स्वतः तिथे येतो, ही माहिती मिळाल्यावर मी तीन महिने सराव केला; धावण्याचा कमी आणि त्याला म्हणायच्या वाक्याचा जास्त. "तुमच्यामुळे मी धावायला लागले" हे साधे, सभ्य वाक्य मी लोकलमध्ये, पोळ्या लाटताना आणि आरशासमोर पाठ केले होते. त्या दिवशी तो खरोखरच माझ्या बाजूने अनवाणी पळत आला, ओळख असल्यासारखा हसला आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "अहो, तुमच्या पायात चप्पल नाही."

त्याने खाली पायांकडे पाहिले, मान डोलावली आणि तो पुढे गेला. गटात मी एवढेच कळवले की आमचे बोलणे झाले. काय बोलणे झाले, ते आज पहिल्यांदा सांगते आहे.